झोपेची गोळी : सुरू करायला एक मिनिट, सोडवायला एक वर्ष

बाजाराच्या दिवशी माझ्या ओपीडीत गर्दी असते. त्या गर्दीत एक प्रसंग दर वेळी घडतो. पासष्टीच्या पुढच्या एखाद्या मावशी आत येतात, बीपी तपासून घेतात, शुगरचा रिपोर्ट दाखवतात आणि उठता उठता पिशवीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवतात. "डॉक्टर, तेवढी ही झोपेची लिहून द्या. संपली."

"किती दिवस झाले घेताय?"

"झाली असतील सात-आठ वर्षं. पण अर्धीच घेते हो!"

या "अर्धीच घेते" वर आज मला बोलायचं आहे. थोडं कडक बोलणार आहे, आणि सुरुवात स्वतःपासून करणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एक नेहमीच्या पेशंट रात्री लघवीला उठल्या, मोरीच्या उंबऱ्यापाशी तोल गेला आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नाशिकला झालं, पण त्यानंतर त्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. त्यांचा मुलगा जुनी फाईल घेऊन आला. तोंडाने काही बोलला नाही, फक्त कागद उलटत होता. मीच पाहिलं. पंधरा दिवसांसाठी म्हणून मी लिहिलेली झोपेची गोळी पुढची चार वर्षं प्रत्येक कागदावर होती. आम्ही डॉक्टर लोक "सीएसटी" असं लिहितो, म्हणजे "तेच औषध चालू ठेवा". ती तीन अक्षरं लिहायला मला दोन सेकंद लागत होते. त्या गोळीमुळेच त्या पडल्या असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तिचा हात नव्हता असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. जुना कागद पाहून झोपेची गोळी पुन्हा लिहून देणं हे उपचार नाहीत. तो डॉक्टरचा आळस आहे. आणि तुम्ही तो चालू देऊ नये, म्हणून हा लेख.

ही गोळी म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे झोपेची म्हणून जी गोळी मिळते ती बहुतेक वेळा अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम किंवा झोल्पिडेम यांपैकी एक असते. जुन्या लोकांना "काम्पोज" आठवत असेल, ते डायझेपाम. झोल्पिडेम सोडलं तर बाकी सगळी एकाच घराण्यातली, बेन्झोडायझेपिन नावाची. झोल्पिडेम हे त्या घराण्याचं चुलत भावंड समजा.

या घराण्यातलं पहिलं औषध 1960 साली बाजारात आलं आणि डायझेपाम 1963 साली. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट वापरत. त्याचा डोस थोडा जास्त झाला तर माणूस दगावत असे. त्या मानाने ही नवी औषधं सुरक्षित वाटली आणि जगभर डॉक्टरांनी ती सढळ हाताने लिहिली. सवय लागते हे ध्यानात यायला वीसेक वर्षं गेली. 1988 साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की झोपेसाठी या गोळ्या फक्त तीव्र त्रासातच द्या आणि दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा टाकायला लावला. त्यात सवय, गैरवापर आणि अचानक बंद केल्यावर होणारा धोका, तिन्हींचा उल्लेख आहे.

म्हणजे जे मी आज सांगतोय ते वैद्यकशास्त्राला 1988 पासून माहीत आहे. तरी आपल्या पिशवीतलं पाकीट सात-आठ वर्षं संपत नाही.

सवय कशी लागते?

आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. ते मेंदूला शांत करतं, गाडीच्या ब्रेकसारखं. झोपेची गोळी हा ब्रेक अधिक जोरात दाबते. पहिल्या आठवड्यात छान झोप लागते. पण रोज बाहेरून कुणी ब्रेक दाबत असेल तर मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. तीन-चार आठवड्यांत तीच गोळी कमी पडू लागते. हा झाला पहिला टप्पा.

दुसरा टप्पा जास्त फसवा आहे. एखाद्या रात्री गोळी संपलेली असते किंवा गावाला जाताना विसरलेली असते. त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, जीव घाबरा होणं. आधी कधी नव्हता इतका त्रास. तुम्ही म्हणता, "बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही, म्हणजे मला गोळीची गरज आहे." खरं तर तो त्रास गोळी सुटल्याचा असतो. तोच त्रास थांबवायला तुम्ही पुन्हा तीच गोळी घेता आणि गाडं तिथेच फिरत राहतं.

यात तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. तंबाखू-दारूसारखं "व्यसनी" म्हणून मी कुणाला हिणवत नाही. शेजारच्या तेलंगणात ताडीत चोरून अल्प्राझोलम आणि डायझेपाम मिसळलं जातं. ती ताडी अचानक बंद झाल्यावर साध्यासुध्या कष्टकरी माणसांना झटके आणि भ्रम होऊन दवाखान्यात भरती करावं लागलं. आपण काय पितोय हे त्यांना माहीतही नव्हतं. हे औषध शरीराला बांधून घेतं, आणि तुम्ही ते डॉक्टरच्या कागदावर घेतलं की चोरून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

एवढं करून झोप किती मिळते?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच उत्तर देतो. 2012 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये झोल्पिडेमसारख्या गोळ्यांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासून पाहिल्या गेल्या. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा खरी गोळी घेणाऱ्यांना झोप लागली ती सरासरी 22 मिनिटं आधी. बावीस मिनिटं! त्याच जर्नलमध्ये 2005 साली साठीपुढच्या लोकांविषयी असाच आढावा आला होता. 13 जणांना झोपेची गोळी दिली तेव्हा एकाच्या झोपेत फरक पडला. आणि दर 6 जणांमागे एकाला काही ना काही दुष्परिणाम झाला. म्हणजे म्हातारपणी ही गोळी फायद्यापेक्षा तोट्याचा सौदा ठरण्याचीच शक्यता जास्त.

आणि गोळीने आलेली झोप नेहमीच्या झोपेसारखी नसते. गाढ झोपेचा भाग कमी होतो. म्हणून आठ तास झोपूनही सकाळी अंग जड आणि डोकं सुन्न राहतं.

वय झालं की गोळी जास्त काळ अंगात राहते

तरुण माणसाच्या रक्तातलं अल्प्राझोलम अर्ध्यावर यायला साधारण 11 तास लागतात, वयस्कर माणसाला 16 तास. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजताही निम्मी रक्तात असते. क्लोनाझेपामला तर 30 ते 40 तास लागतात. म्हणजे आजची गोळी उतरायच्या आत उद्याची पोटात जाते. "अर्धीच घेते" म्हणणाऱ्या मावशींनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

याचे परिणाम मी रोज बघतो. तोल जातो, माणूस पडतो. विसरायला होतं, आणि घरचे म्हणतात, "आजीला वयामुळे भ्रम झालाय." गोळी हळूहळू कमी केल्यावर आजी पुन्हा नातवंडांची नावं न चुकता घेतात, हे मी पाहिलं आहे. सकाळी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्याची नजर मंद होते. आपला मुंबई–आग्रा महामार्ग आणि राहुडचा घाट अशा मंद डोळ्यांसाठी नाही. झोल्पिडेम घेऊन झोपेतच उठून चालणं, स्वयंपाक करणं, इतकंच काय गाडी चालवणं, असे प्रकार घडले म्हणून अमेरिकेत 2019 साली त्यावरही कडक इशारा आला.

आणि दारू! रात्री "थोडी" घेऊन वर झोपेची गोळी घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. तसंच ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोबत असलं तर धोका आणखी वाढतो. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला ही गोळी देणं म्हणजे आधीच अडखळणाऱ्या श्वासावर दगड ठेवणं आहे.

तुम्हाला माहीत नसताना चालू असलेली गोळी

"मी झोपेची गोळी घेतच नाही" असं सांगणाऱ्या पेशंटची पाकिटं मी टेबलावर ओतायला लावतो. एका गोळीत एसिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम असतं, ती "टेन्शनची". एकीत प्रोप्रॅनोलॉलसोबत अल्प्राझोलम, ती "धडधडीची". पोटाच्या मुरड्यासाठी दिलेल्या एका गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड असतं, तेही याच घराण्यातलं. अशा गोळ्या वर्षानुवर्षं "गॅसची" किंवा "बीपीची" समजून घेतल्या जातात. आजच घरी जा, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. नावाच्या शेवटी "झेपाम" किंवा "झोलाम" असेल तर ती या घराण्यातली. क्लोरडायझेपॉक्साइड आणि झोल्पिडेम ही दोन नावं वेगळी लक्षात ठेवा.

दोष कुणाचा?

पहिला आमचा, डॉक्टरांचा. झोप का येत नाही हे विचारायला पंधरा मिनिटं लागतात, गोळी लिहायला एक. बाहेर तीस माणसं बसलेली असतात. आम्ही एक मिनिट निवडतो. कितीदा तर अॅडमिट पेशंटला दवाखान्याच्या गोंगाटात झोप यावी म्हणून दिलेली गोळी डिस्चार्जच्या कागदावरही तशीच उतरते आणि माणसासोबत घरी जाते.

दुसरा मेडिकल दुकानांचा. सगळी दुकानं तशी नाहीत, पण जी आहेत ती सर्वांना ठाऊक आहेत. 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-1 यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विकली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. प्रत्यक्षात रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

याचं पुढचं टोक बघायचं असेल तर लांब जाऊ नका. आपल्या शेजारी मालेगावात "कुत्ता गोळी" नावाने नशेसाठी जी गोळी विकली जाते, पोलीस जिच्यावर पुन्हा पुन्हा धाडी टाकतात, ती हीच अल्प्राझोलम. छत्रपती संभाजीनगरात "बटन" म्हणून विकतात त्या नायट्राझेपामसारख्या गोळ्यासुद्धा याच घरातल्या. पेपरात ती बातमी वाचून आपण "पोरं बिघडली" म्हणतो आणि रात्री जेवण झाल्यावर तीच गोळी पाण्यासोबत घेतो. औषध एकच आहे.

तिसरा थोडासा तुमचाही. "अमक्याला लागू पडली" म्हणून शेजाऱ्याची गोळी घेणं, मुलाने पुण्याहून सहा महिन्यांचा साठा पाठवणं, डॉक्टरने नाही म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं. आणि घरच्यांनो, तुम्हालाही एक सांगतो. म्हातारी माणसं रात्री उठबस करतात, खोकतात, हाका मारतात, त्याचा तुम्हाला त्रास होतो हे मला समजतं. पण तुमच्या झोपेसाठी त्यांना गोळी द्यायला मला सांगू नका.

"पण डॉक्टर…"

*"झोप नाही झाली तर बीपी वाढेल, त्यापेक्षा गोळी बरी."* झोप महत्त्वाची आहे, वाद नाही. म्हणूनच झोप का जाते ते शोधायला हवं. प्रोस्टेटमुळे, वाढलेल्या शुगरमुळे किंवा संध्याकाळी घेतलेल्या लघवीच्या गोळीमुळे रात्रीत चारदा उठावं लागत असेल, तर झोपेची गोळी काय करणार? उलट अर्धवट झोपेत उठून तुम्ही पडाल.

*"आता वय झालं, सोडून काय करायचं?"* वय झालं म्हणूनच सोडायची. पंचविशीत पडलात तर खरचटतं, पंच्याहत्तरीत हाड मोडतं.

*"शेतकऱ्याला कसली झोप येते डॉक्टर?"* या प्रश्नापुढे मी गप्प होतो. कांद्याचा भाव पडलेला, द्राक्षबागेवर अवकाळीची टांगती तलवार, थ्री फेज लाईट मध्यरात्री येणार म्हणून बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जायचं. अशा माणसाची झोप उडणारच. पण पहाटे तीनला जाग येते, मग झोप येत नाही, कशात मन लागत नाही, भूक मेलीये, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत. नुसती झोपेची गोळी देऊन पाठवणं म्हणजे जळत्या घराच्या खिडक्या लावून घेणं. टेली मानस हा सरकारी फोन क्रमांक 14416 आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं. लाज वाटू देऊ नका.

थांबा! उद्यापासून बंद करू नका

लेख वाचून तिरीमिरीत गोळ्या कचऱ्यात टाकल्या तर माझ्या हातून दुसरी चूक घडेल. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. गोळी हळूहळू उतरवायची असते. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी डोस पाच-दहा टक्क्यांनी कमी करायचा आणि कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत एक चतुर्थांशापेक्षा जास्त कमी करायचा नाही. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष. मध्ये काही रात्री वाईट जातील. त्या वेळी एक पायरी थांबायचं, पण वर चढायचं नाही. हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

फिट्सच्या आजारासाठी किंवा मानसोपचारतज्ज्ञांनी ठरावीक आजारासाठी ही औषधं दिली असतील तर त्यांना विचारल्याशिवाय एक कणही कमी करू नका. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे चार-आठ दिवस किंवा ऑपरेशनआधीची रात्र, अशा वेळी थोड्या दिवसांसाठी गोळी देणं योग्यही असतं. माझं भांडण गोळीशी नाही, तिला शेवटची तारीख नसण्याशी आहे.

मग झोपेसाठी काय करायचं?

2016 साली अमेरिकेच्या फिजिशियन संघटनेने सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत हा आहे. सोप्या भाषेत ती अशी :

- झोपायची वेळ कशीही असो, उठायची वेळ रोज एकच ठेवा. रात्री झोप झाली नाही तरीही.
- डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. घड्याळ पाहू नका.
- अंथरुणात मोबाईल नाही, टीव्ही नाही, हिशोब नाही.
- दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, तीही तीनच्या आत.
- दुपारी तीननंतर चहा बंद. हे आपल्याकडे सर्वांत अवघड जातं, कारण पाहुणा आला की चहा आलाच. तंबाखू-मिश्रीही झोप उडवते.
- सकाळी उन्हात अर्धा तास चाला.
- सत्तरीत सहा तास झोप होत असेल आणि दिवसा ताजंतवानं वाटत असेल तर तो आजार नाही. रात्री आठला झोपून पहाटे दोनला जाग आली, तर झोप पूर्ण झालेली असते!

यातला झोपेच्या वेळेचा नियम पहिले दोन आठवडे नकोसा वाटतो. तिसऱ्या आठवड्यापासून फरक दिसू लागतो. गोळीचं नेमकं उलटं, ती पहिल्या रात्री छान वाटते.

शेवटचं

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 2014 साली एक साधा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना घरी फक्त एक माहितीपुस्तिका पाठवली. त्यात धोके, सोडायची पद्धत आणि डोस कमी करायचं वेळापत्रक होतं. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली होती. ज्यांना पुस्तिका मिळाली नाही त्यांच्यापैकी फक्त 5 टक्क्यांनी. नवं औषध नाही, मशीन नाही, नुसती समजेल अशी माहिती.

म्हणून हा लेख तुमच्या हातात देतोय. पुढच्या वेळी डॉक्टरकडे, माझ्याकडेसुद्धा, जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि चार प्रश्न विचारा. यातली झोपेची कोणती? ती का दिली आहे? कधी बंद करायची? आणि ती तारीख कागदावर लिहून द्याल का?

डॉक्टर चिडले तर चिडू द्या. मी लिहिलेल्या त्या चार वर्षांच्या कागदांवर हा प्रश्न मला कुणी एकदा जरी विचारला असता, तर मी बरं मानलं असतं.